आधीची सीडी

"ही बघा ह्याची वही. इथंसुद्धा जात!"

साहेबांनी माझी वही दोन बोटांत धरून वर केली. मीटिंग रूममध्ये आम्ही सहा जण. वन-नॉर्थ नावाच्या भागातलं नवं ऑफिस, काचेच्या भिंती, आणि बारा महिने उकाड्याच्या त्या सिंगापुरात मी ऑफिसात स्वेटर घालून बसलेला. एसी तसा होता. आणि मीही तसाच, लगेच गारठणारा.

वहीत कंपनीच्या सगळ्या कंप्युटरांची नोंद होती. मराठीत लिहिलेली. मराठीत लिहिलं की कुणी वाचणार नाही, ही माझी अक्कल. त्या अख्ख्या मजल्यावर मराठी वाचणारा दुसरा माणूस एकच होता, ते म्हणजे माझे साहेब. पुण्याचे. यावरून माझ्या अकलेचा अंदाज घ्या.

पानावर चार रकाने. यंत्र क्रमांक. जागा. जात. पुरावा.

जात म्हणजे प्रकार हो! माझा बाप जिनिंगवर होता. आमच्या घरी कापसाची जात निघायची, तुरीची निघायची, आणि आमची तर गाव काढायचंच. तर हात तसा वळला. कंप्युटरवर बसवलेली ऑपरेटिंग सिस्टम दोन जातींची, एक 'पूर्ण', दुसरी 'अपग्रेड'. तेवढंच लिहिलं होतं.

साहेब इंग्रजीत सगळ्यांना समजावू लागले की आमच्या भाषेत हा शब्द कास्टसाठी आहे, आणि या माणसानं कंप्युटरांना कास्ट लावली आहे. हशा झाला. मीही हसलो. लिहायला लाज वाटते, पण बहुतेक सगळ्यात आधी मीच हसलो असेन.

मग ते माझ्याकडे वळले. मराठीत, हळू, अगदी घरच्यासारखं म्हणाले,

"तू बौद्ध ना रे? म्हणजे तूही अपग्रेडच. पण मशीन आधीची सीडी मागतंच. आणि तुझी आधीची सीडी कुठली, ते आम्हाला माहितीये."

ऑफिसचं प्रशासन बघणाऱ्या मिस लिमनं तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "व्हॉट, व्हॉट? ट्रान्सलेट, लाह."

"नथिंग," साहेब म्हणाले. "मराठी जोक."

मी बेचाळीस वर्षांचा. साहेब सदतीसचे. मी त्यांना अहो-जाहो, ते मला अरे-तुरे. आणि हसता हसता माझी वही त्यांच्या बॅगेत गेली. ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. अपमान इतका लख्ख होता की चोरी दिसलीच नाही.

सीडीचं सांगतो, नाहीतर त्या वाक्याची धार कळायची नाही. हे दोन हजार सहा-सातच्या सुमाराचं. ऑपरेटिंग सिस्टमची नवी आवृत्ती दोन प्रकारे मिळायची. पूर्ण घेतली तर मशीन काही विचारत नसे. अपग्रेड घेतली तर अर्ध्या वाटेत थांबायचं आणि म्हणायचं, आधीच्या आवृत्तीची सीडी घाला. तुम्ही हक्कदार आहात हे सिद्ध करा. सीडी घातली की घुर्रघुर्र करत तपासायचं, मग पुढं जाऊ द्यायचं.

तो स्क्रीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला जात पडताळणीचं ऑफिस आठवलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी तिथला बाबू म्हणाला होता, आजोबांचा शाळेचा दाखला आणा. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. जाऊ दिलं नव्हतं. जाऊ दिलं नव्हतं म्हणून सवलत, आणि सवलतीसाठी शाळेत गेल्याचा दाखला. बाप सहा चकरा मारून आला आणि मला म्हणाला, "एक शिक. कागद जपून ठेवत जा. आपल्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नसतं." तेव्हापासून मी कागद जपतो. बसची तिकिटंसुद्धा. बायको म्हणते, आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो आणि उरलेल्या जागेत कागद राहतात.

तर वर्षभरापूर्वी तुआस या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या वर्कशॉपसाठी चाळीस मशीन आली. सुटे भाग जोडून बनवलेली, आतून कोरी. साहेबांनी त्यांच्यासाठी अपग्रेड लायसन्सं मागवली.

मी म्हणालो, "सर, यांच्यावर आधीचं काहीच नाही. कोऱ्या मशीनला अपग्रेड चालत नाही. लायसन्समध्येच लिहिलंय."

"ऑफिसात एक जुनी सीडी आहे ना?"

"आहे."

"मग तीच दाखव सगळ्यांना."

दाखवली. दोन दिवस तुआसला बसून तीच एक सीडी चाळीस वेळा आत घातली, चाळीस वेळा बाहेर काढली. एका माणसाच्या दाखल्यावर चाळीस जणांचा प्रवेश. मशीननं कुरकुर केली नाही. माझ्या बापाच्या वेळचा बाबू त्या मशीनपेक्षा नक्कीच कडक होता.

पण बापाचा मुलगा मी. आधी एक मेल टाकला होता, असं असं करायला सांगितलंत म्हणून करतोय. साहेबांचं उत्तर आलं, "गो अहेड." दोन शब्द. ते छापून घरी ठेवलं. आणि वहीत त्या चाळीस ओळींपुढं, पुरावा या रकान्यात लिहिलं, "तीच सीडी. साहेबांच्या सांगण्यावरून."

आता कळलं ना, वही बॅगेत का गेली ते?

ती मीटिंगच त्यासाठी होती. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं होतं. तुमच्याकडची लायसन्सं तपासायची आहेत, एकेका मशीनचा पुरावा द्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक इंग्रजी कागद. सर्व यंत्रांच्या आधीच्या लायसन्सची पडताळणी मी स्वतः केली, त्रुटी निघाल्यास जबाबदारी सर्वस्वी माझी. खाली माझं नाव टाइप केलेलं. तारीख एक वर्षामागची.

"सही कर. फॉर्मॅलिटी आहे."

"सर, पण हे तसं झालं नव्हतं."

"तुझा पास कंपनीच्या हातात आहे, माहितीये ना?" ते पेनचं टोपण काढत म्हणाले. "पोरगी कितवीत गेली तुझी?"

"सहावीत. यंदा इथली बोर्डाची परीक्षा आहे."

"हं. मग सोमवारपर्यंत विचार कर."

आवाज चढवला नाही. पोरीची चौकशी केली. एवढंच.

पास म्हणजे तिथं राहायचा परवाना. तो नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की तीस दिवसांत देश सोडायचा. बायकोचा आणि पोरीचा पास माझ्या पासाला बांधलेला. एका खुंटीला तिघं.

त्या तीन दिवसांत मी जो भ्यालो, तसा आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनावर गणवेशातला कुणीही दिसला की मी जिन्याकडे वळायचो. एकदा तर तो सफाई कामगार निघाला. सही केली तर उद्या गुन्हा माझ्या नावावर. नाही केली तर तीस दिवस. आणि खरं सांगितलं तरी सीडी घालणारा हात माझाच होता. तिन्ही बाजूंनी मीच. जेवण जाईना. कानात सारखी घुर्रघुर्र.

शनिवारी सकाळी बायको आणि पोरगी बाजारात गेल्या होत्या. मला एकदम वाटलं, पोलीस घरी आले तर? घर तपासलं तर? मी घरातल्या सगळ्या सीड्या गोळा केल्या. मित्रानं दिलेले सिनेमे, पोरीचा कॉपी केलेला गेम, शब्दकोश. एका पिशवीत भरल्या आणि स्वयंपाकघरातून थेट तळाशी जाणाऱ्या कचऱ्याच्या नळीत सोडून दिल्या. नऊ मजले खडखडत गेल्या. मला हायसं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा चहा केला.

बायको आली. ओटा पुसताना ती नेहमी गाणी लावते. कपाट उघडलं.

"अहो, इथली सीडी कुठंय? भीमगीतांची?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. चुलतभावानं निघताना दिली होती. कॉपी केलेली, वर स्केचपेननं नाव लिहिलेली.

"टाकली," मी म्हणालो.

"टाकली म्हणजे?"

"कॉपी होती. तपासणी आली तर..."

ती माझ्याकडे बघत राहिली. चौदा वर्षांच्या संसारात तिनं मला बावळट म्हणून बऱ्याचदा पाहिलं असेल, पण हे बघणं वेगळं होतं.

"अहो, आपली गाणी कधी दुकानातून आली होती का? याच्याकडची कॅसेट त्यानं भरून घेतली, त्याच्याकडची तिसऱ्यानं. तशीच घराघरात पोचली ना ती? माझ्या बापाकडे होती ती तर कितव्या हातची, कुणास ठाऊक. आणि ती तुम्ही कचऱ्यात टाकलीत?"

मी कप ओट्यावर ठेवला.

"कुणाला भिऊन टाकलीत? पोलिसाला?"

"नाही," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मलाच कळलं की पोलिसाला नाही.

मग सगळं सांगितलं. वही, कागद, पास. आणि ते वाक्यही सांगितलं, मराठीत, जसंच्या तसं. तिच्यापासून तेच लपवलं होतं. सांगताना माझ्या तोंडात ते वाक्य इतकं घाण लागलं की मी मोरीकडे वळलो. पोरगी दारात येऊन उभी राहिली. "पप्पा, यू क्रायिंग आह?"

"पप्पांना बरं नाही. तू आत जा," बायको म्हणाली. मग कपडा धुऊन पिळला, वाळत टाकला, हात पुसले.

"सीडी तुम्ही घातली ना? मग तेवढं लिहून द्या. तुमच्या वाट्याचं तुम्ही घ्या. पण त्यांच्या वाट्याचं उचलू नका. आपल्या माणसांनी दुसऱ्यांचं पिढ्यान्पिढ्या उचललं, तेवढं पुरे झालं."

"पास जाईल."

"जाऊ द्या."

"पोरीची परीक्षा..."

इथं तिचे डोळे भरले. पण वाक्य तिनं बदललं नाही.

सोमवारी मी माझा कागद घेऊन गेलो. अर्धं पान. चाळीस मशीन कोरी होती. एकच सीडी चाळीस वेळा मी घातली. चूक आहे हे मला माहीत होतं, तसं मी सांगितलं होतं. आदेश कुणाचा, तो मेल सोबत जोडला आहे. आधी मिस लिमकडे गेलो आणि एका प्रतीवर पोच मागितली. तिनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "यू शुअर, आह?" टेबलाला धरून म्हणालो, "शुअर." तिनं शिक्का मारला.

मग केबिनमध्ये. साहेबांनी वाचलं. चेहऱ्याचा रंग उतरला, मग चढला.

"तुम्हा लोकांना डोक्यावर घेतलं की हे असं होतं."

मी म्हणालो, "साहेब, मी माझं लिहिलंय. तुमचं तुम्ही लिहा. आणि मला अहो म्हणा. मी तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा आहे."

आवाज फाटला माझा. खूप दिवसांपासून घोकून ठेवलेलं भाषण निघालं असतं तर बरं झालं असतं. निघालं ते इतकंच.

संध्याकाळी नोकरी गेली. तीस दिवस सुरू झाले. आणि साहेबांचा फोन आला, आवाज एकदम मऊ. "हे बघा," म्हणाले. बघा म्हणाले! "कंपनी तिघांची तिकिटं काढून देते. या आठवड्यातच निघा. वकील विचारतील तेव्हा तुम्ही इथं नसाल. इंडियात कोण शोधत बसतंय? तुमचंच भलं आहे."

देवाशप्पथ म्हणायची सोय मला नाही, पण खरं सांगतो, माझा जीव त्या तिकिटात अडकला. निघून जावं. नागपूरला उतरावं, भावाकडे जावं, कुणी काही विचारू नये. बॅगसुद्धा पलंगावर काढली. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. मी गेलो की वकिलांसमोर बोलायला साहेब एकटे उरणार. आणि तिथं नसलेल्या माणसावर काहीही लिहिता येतं. आमच्यावर आजवर जे जे लिहिलं गेलं, ते आम्हाला खोलीबाहेर उभं करूनच लिहिलं गेलं.

मी तिकीट नाकारलं. वकिलांच्या ऑफिसला स्वतःच फोन करून वेळ मागितली. बायको आणि पोरगी पुढं गेल्या. पोरीचं वर्ष बुडालं. ती विमानतळावर माझ्याशी बोलली नाही. ते मी भरून देऊ शकलेलो नाही, आणि देईन असं खोटंही म्हणत नाही.

वकिलांसमोर दोन तास बसलो. समोर तिघं, मी एकटा. पाणी पिताना ग्लास दातांवर वाजत होता. पहिला प्रश्न आला, "तुम्ही हे भीतीपोटी सांगताय का?"

मी म्हणालो, "भीती तर वाटतेच आहे. भीती वाटत असूनही सांगतोय. लिहून घ्या."

पुढं साहेबांचं काय झालं, मला कुणी कळवलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या नावापुढं त्या कागदांत चूक लिहिली असेल, तर ती माझ्या वाट्याची आहे, तेवढीच आहे.

मी भित्रा माणूस आहे. आजही दारावर टकटक झाली की आधी खिडकीतून बघतो, मग दार उघडतो. हे काही जायचं नाही. पण मला विचारायचं असेल तर मला समोर बसवून विचारा. मी खोलीबाहेर जाणार नाही. यापुढं घाबरायचं ते आतच, समोर बसून.