अर्ध्यावर थांबणारी चाल

आगीच्या विषयावर बोलणं चालू असताना माणसं झोपू शकतात, यावर आगवाल्या बाईंचा नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी बसला.

बाई एका प्रशिक्षण संस्थेत शिकवत. गोदामांतले आणि कारखान्यांतले पर्यवेक्षक तिथे कार्यशाळेला येत. कुठल्या आगीवर काय मारायचं, कुठलं दार आधी उघडायचं, कुणाला आधी बाहेर काढायचं हे शिकत आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेऊन जात. सगळी मंडळी चाळिशी ओलांडलेली, पोटं सुटलेली, हाताखालच्यांना दटावण्यात मुरलेली. सकाळी ठीक असायची. दुपारी डबे संपले की मात्र वर्गात अशी सुस्ती पसरायची की बाईंना स्वतःच्याच आवाजाने झोप येई. "तेलाच्या आगीवर पाणी मारलं तर काय होईल?" असं विचारलं, की मागच्या रांगेतून कुणाचं तरी घोरणं उत्तर देई.

संस्थेचे संचालक नुकतेच कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते. परिषदेला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही, एखादी कल्पना तरी घेऊन येतोच. "बाई, पार्श्वध्वनी!" ते म्हणाले. "शिकवताना मागे हळू आवाजात काहीतरी चालू ठेवायचं. मेंदू ताजा राहतो. माणसाला मागून काहीतरी लागतं." या मंडळींना मागून काय लागतं ते बाईंना चांगलं ठाऊक होतं, पण वर्गात काठी ठेवायला परवानगी नव्हती. त्यांनी मुकाट्याने स्पीकर घेतला.

सुरुवात धबधब्याने झाली. थोड्याच वेळात एक जण हळूच उठून बाहेर गेला, मग दुसरा, मग दोघं एकदम. शेवटी अर्धा वर्ग बाईंसमोर आणि उरलेला अर्धा स्वच्छतागृहाबाहेर रांगेत. दुसऱ्या दिवशी पाखरांचा किलबिलाट लावला, तर मंडळी खिडकीतून माना बाहेर काढून पाखरं शोधू लागली. पियानोने तर कहर केला. मागच्या रांगेत एक अवाढव्य गृहस्थ बसत, त्यांना सगळे गोदामवाले म्हणत. ते पियानोच्या ठेक्यात घोरू लागले आणि शेजाऱ्याने ढोसून उठवल्यावर म्हणाले, "छान होतं हो."

मग एका दुपारी बाईंचं बोट चुकलं. फोनवर समुद्राच्या लाटा लावायच्या होत्या, बोट पडलं खालच्या ओळीवर, आणि स्पीकरमधून एका पुरुषाचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. शब्द नाहीत, वाद्य नाही. जरासा घोगरा, बराचसा बेसूर आवाज. चाल हळूहळू वर चढत गेली, अगदी वर पोचली, आता उतरणार एवढ्यात गप्प. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

 बाई बंद करायला धावल्या आणि धावता धावता त्यांचं वर्गाकडे लक्ष गेलं. सगळे जागे होते. नुसते जागे नाहीत, टक्क जागे. गोदामवाले तर खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि तेलाच्या आगीबद्दल बोलायला लागल्या. चाल चढायला लागली की वर्गाच्या माना वर होत, ती तुटली की सगळे कान टवकारून वाट बघत, आणि नेमक्या त्या शांततेत बाई जे सांगतील ते थेट डोक्यात जाऊन बसे.

"बाई," तास संपल्यावर गोदामवाल्यांनी गाठलंच, "हा माणूस पुढे का जात नाही?"

"तेच तर शास्त्र आहे," बाई म्हणाल्या. थाप मारताना चेहरा गंभीर ठेवायची कला त्यांना लहानपणापासून अवगत होती. "स्मरणवर्धक ध्वनी म्हणतात याला. फार संशोधन झालंय त्याच्यावर."

संशोधन कसलं, डोंबल! तो आवाज त्यांच्या नवऱ्याचा होता.

बाईंचे यजमान म्हणजे घड्याळवाले. दुकान बंद केल्यापासून ते घरातच मागच्या खोलीत टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि काम रंगात आलं की ओठांवर ही चाल. कुठल्या गाण्याची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चिमट्यात इवलासा स्क्रू धरून हात पुढे सरकायला लागला की चालही चढायला लागे, आणि स्क्रू भोकाशी पोचला की घड्याळवाले श्वास रोखून धरत. गुणगुणणं तिथेच तुटे. स्क्रू बसेपर्यंत पुढचं विसरून जात, मग दुसरा स्क्रू, पुन्हा पहिल्यापासून.

पण दारात कुणी आलं की एकदम चिडीचूप. याला कारण बाईंचा थोरला भाऊ. लग्नानंतर जावई पहिल्यांदा सासुरवाडीला गेले, तेव्हा जेवणं झाल्यावर सगळ्यांनी आग्रह करकरून त्यांना गायला लावलं. बिचाऱ्यांनी डोळे मिटून, मनापासून गायला सुरुवात केली. आणि मेव्हण्याने इकडेतिकडे बघत काळजीच्या सुरात विचारलं, "कुणाला काही दुखतंय का?" घरदार हसून लोटपोट झालं. जावईही हसले. त्यानंतर मात्र ते कुणाच्या देखत कधी गायले नाहीत, बायकोच्या देखतसुद्धा नाही.

बाईंना ती चाल फार आवडे. सुराच्या नावाने आनंदच होता, तो भाग वेगळा. पण मागच्या खोलीतून ते गुणगुणणं यायला लागलं की त्यांना घरात असल्यासारखं वाटे, आणि थांबलं की घर ओकंबोकं होई. म्हणून त्या चपला काढून, बांगड्या कोपरापर्यंत वर सारून दाराआड उभ्या राहत. एकदा फोन कपाटावर ठेवून त्यांनी ते चोरून टिपूनही घेतलं, बसमध्ये ऐकायला. घड्याळवाल्यांना हे कळलं असतं तर ते रागावले नसते. ते नुसते हसले असते, आणि पुन्हा कधीच गुणगुणले नसते. बाईंना या एकाच गोष्टीची धास्ती होती. आणि तीच गोष्ट त्या रोज दुपारी भर वर्गात स्पीकरवरून वाजवत होत्या!

संचालक तर हवेतच होते. "आमच्याकडचा ध्वनी," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि "कुठून मागवला?" असं कुणी विचारलं की बाईंकडे बघत. बाई म्हणत, "आपल्याच ओळखीतले आहेत एक." हेही खोटं नव्हतं.

संस्थेच्या व्हरांड्यात एक माणसाएवढं उंच लंबकाचं घड्याळ होतं, कित्येक वर्षं बंद पडलेलं. त्याची हकीकत बाईंकडूनच ऐकल्यापासून घड्याळवाल्यांचे हात शिवशिवत होते. "येऊन बघू का एकदा?" ते विचारत. पूर्वी बाई "आणते हं परवानगी" म्हणत. आता त्यांनी टोलवाटोलवी सुरू केली. कधी संचालक रजेवर, कधी भिंतीला रंग, कधी घड्याळात पाल. नवरा संस्थेत आला आणि दुपारच्या वर्गावरून नुसता चालत गेला तरी सगळं संपलं असतं.

परीक्षा जवळ आली. बाहेरून परीक्षक येणार होते, करड्या शिस्तीचे, कपाळावर कायमची आठी. दालनात फोन, स्पीकर काही चालणार नाही असं त्यांनी आधीच कळवलं होतं. बाईंनी सराव म्हणून एक चाचणी घेतली, आवाजाशिवाय. प्रश्न सोपे होते. वर्गाने कागदाकडे बघितलं, मग छताकडे, मग बाईंकडे. कुणाला काही म्हणजे काही आठवेना. गोदामवाल्यांनी लिहिलं, 'विजेच्या आगीवर भरपूर पाणी मारावे,' आणि ते वाचून बाईंनाच घाम फुटला.

"बाई, ते जरा लावा ना," कुणीतरी कळवळून म्हणालं.

बाईंनी लावलं. चाल चढली, तुटली, आणि त्या शांततेत सगळा वर्ग भराभर लिहायला लागला. गोदामवाल्यांनी आपलं पाणी खोडून टाकलं.

बाई खुर्चीत मटकन बसल्या. हे लोक आग विझवायला शिकले होते खरे, पण आग लागली तर आधी कुणालातरी गुणगुणायला बसवावं लागणार होतं! हळूहळू ती सवय सोडवता आली असती, पण परीक्षा तर उद्यावर आली होती. नापास होऊन खाली मानेने कामावर परतणारी ही माणसं बाईंना दिसू लागली. त्यांचा काय दोष? खोडी तर बाईंची होती. त्या रात्री जेवताना त्या शक्य तेवढ्या सहज म्हणाल्या, "अहो, त्या घड्याळाची परवानगी मिळाली. उद्या दुपारी या. संस्थेत चिटपाखरू नसेल, निवांत काम होईल."

दुसऱ्या दिवशी घड्याळवाले हत्यारांची पेटी घेऊन हजर. बाईंनी 'शांतता, परीक्षा चालू आहे' ही पाटी आधीच काढून पदराआड धरली होती. घड्याळाच्या अगदी शेजारी परीक्षेच्या दालनाचं दार होतं, बंद. दारावरची झडप मात्र बाईंनी सताड उघडून ठेवली होती. आत परीक्षक, मंडळी आणि कोरे कागद. बाहेर घड्याळवाले. त्यांनी घड्याळाचं दार उघडलं, लंबक काढून भिंतीला टेकवला, भिंग लावलं आणि कामात बुडाले. बाई खांबाआड उभ्या राहिल्या, बांगड्या कोपरापर्यंत.

बराच वेळ नुसती खुडबूड. आतून खुर्च्यांची अस्वस्थ करकर. बाईंचा जीव टांगणीला लागला. आणि मग ती चाल सुरू झाली. आतली करकर थांबली. चाल तुटली, आणि झडपेतून कागदांवर पेनं चालल्याची सळसळ बाहेर आली. बाईंनी डोळे मिटून घेतले. चाल पुन्हा चढली, पुन्हा तुटली. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं.

फक्त एका गोष्टीचा बाईंनी विचार केला नव्हता. त्या घड्याळाचे आतले स्क्रू बारीक असले तरी बाहेरचे बोटाएवढे होते. बारीक काम संपवून घड्याळवाल्यांनी भिंग कपाळावर सारलं आणि मोठा पेचकस घेतला. त्या स्क्रूंना श्वास रोखायची गरज नव्हती. चाल चढली, वर पोचली, आणि न तुटता, डोलत डोलत, अगदी शेवटपर्यंत खाली उतरली.

 आणि दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्च्या मागे सरकल्या, कुणी शिट्टी मारली, आणि गोदामवाल्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढला, "संपलं! संपलं एकदाचं!" परीक्षकांना वाटलं, यांचे पेपर संपले. कपाळावरची आठी तशीच ठेवून ते उत्तरपत्रिका गोळा करू लागले.

घड्याळवाल्यांचा पेचकस हातातच राहिला. "आत कोण आहे?"

"लोक आहेत," खांबाआडून बाहेर येत बाई म्हणाल्या.

"तू तर म्हणालीस चिटपाखरू नाही."

"मघाशी नव्हतं."

"टाळ्या कसल्या?"

"घड्याळ सुरू झालं ना, म्हणून."

घड्याळवाल्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "असं होय," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. पण गुणगुणले नाहीत.

सगळे पास झाले. गोदामवाले तर पहिले आले. संचालकांनी बाईंना स्वतःच्या खोलीत बोलावून चहा पाजला. पण बाईंना तो चहा गोड लागेना. घरी मागची खोली गप्प होती. घड्याळवाले टेबलाशी बसत, भिंग लावत, स्क्रू बसवत, सगळं करत, फक्त गुणगुणत नसत. बाई नळ बंद करून, कढईखालचा गॅस बंद करून कान देऊन बघत. नुसती घड्याळांची टिकटिक. आपल्याच हाताने आपण घराचा आवाज घालवला, असं वाटून त्यांना रडू यायला लागलं.

शेवटी एका संध्याकाळी त्या चपला पायात ठेवून, बांगड्या वाजवत, सरळ खोलीत गेल्या.

"अहो, त्या टाळ्या घड्याळाला नव्हत्या."

"ठाऊक आहे," मान वर न करता घड्याळवाले म्हणाले. "घड्याळ तेव्हा सुरू कुठे झालं होतं? लंबक तर भिंतीला टेकवलेला."

मग बाईंनी सगळं सांगितलं. फोन, स्पीकर, स्मरणवर्धक ध्वनी, झडप, पाटी. सांगता सांगता नाक ओढलं. "मला ती चाल आवडते हो. तुम्ही थांबलात तर मला घरात करमत नाही."

घड्याळवाल्यांनी चिमटा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "इतकी वर्षं दाराआड उभी राहतेस, पाय दुखत नाहीत? खुर्ची आण."

बाईंनी खुर्ची आणली. टेबलावर एक नाजूकसं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. घड्याळवाल्यांनी चिमट्यात स्क्रू धरला, एकदा खाकरले, आणि बायकोच्या देखत, आधी पुटपुटल्यासारखं आणि मग जरा मोकळेपणाने, गुणगुणायला लागले. चाल चढली, अगदी वर पोचली. स्क्रू भोकाशी आला. श्वास रोखला गेला, चाल तुटली.

बाईंना राहवेना. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने, मनापासून, पुढचा भाग स्वतःच म्हणून टाकला.

घड्याळवाल्यांनी चिमटा हलू दिला नाही. भिंगातून नजर न काढता, काळजीच्या सुरात विचारलं, "कुणाला काही दुखतंय का?"

बाईंनी त्यांच्या पाठीत एक सणसणीत चापट हाणली. स्क्रू उडाला, आणि दोघं हसत हसत टेबलाखाली शिरून तो शोधायला लागली.