निसटलेला घोटा
मैदानावर पाणी मारून फक्कीच्या रेषा ओढल्या की ओल्या मातीचा नि चुन्याचा मिसळलेला वास येतो, आणि मला पोलादपूरची ती कबड्डीची फायनल आठवते. मी बिरवाडीच्या संघात कोपऱ्यात उभा राहायचो. चढाईला आलेल्याचा पाय जवळ आला की घोटा धरायचा, एवढंच माझं काम. समोरच्या संघाचा चढाईपटू माझा सख्खा मावसभाऊ होता, आणि आदल्या दिवशी त्यानंच आग्रह करून मला घरी मुक्कामाला नेलं. जेवून मी आडवा होणार तर म्हणाला, "बस रे जरा. बाबा गेल्यापासून बोलायला कोणच नाय." तो बोलत राहिला, रडला, मीही रडलो. डोळा लागला तो थेट पहाटे. सकाळी मैदानात मला त्याचा पाय स्पष्ट दिसायचा, पण हात पोचेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. पुन्हा पुन्हा त्याचाच घोटा माझ्या बोटांतून सुटला आणि आम्ही हरलो. पिशवी घ्यायला घरी गेलो तेव्हा मावशी सहज बोलून गेली, "तुला जागरण बाधलं वाटतं. हा काल दुपारभर झोपलेला. म्हणाला, भाऊ येणार हाय, रात्री जागायचं हाय." मी चहा न घेताच निघालो. त्या हरण्याचं आता काही वाटत नाही. लग्नकार्यात तो भेटतो, खांद्यावर हात टाकतो, मी हसतो. पण त्या रात्रीचं त्याचं रडणं खरं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं खरं होतं.