वरच्या फळीवरचं

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो माझ्या ताईमुळे. तिची शाळा चौथीतच सुटली होती. लहानपणी तिच्याबरोबर मी खाप्याहून नागपूरच्या इतवारी बाजारात लुगडं घ्यायला यायचो. दुकानदार आमच्या पायांकडे बघून खालच्या गठ्ठ्यातलं काढायचा. "तुमच्या गावच्या बाया हेच नेतात." ताई हलायची नाही. "वरच्या फळीवरचं दाखव गा. घ्याचं का नाही ते मी ठरवीन."

सत्तरच्या दशकात मी नागपुरात बी.एस्सी. करत होतो. विजेच्या पेपरात मी एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो असतो तर शिक्षण तिथेच थांबलं असतं. ग्रंथालयात कपाटांपर्यंत जायला मनाई होती. खिडकीत चिठ्ठी द्यायची: नाव, मोहल्ला, विषय. मी विषय लिहिला, 'वीज'. कारकुनाने वायरमनच्या परीक्षेचं पुस्तक आणलं.

"हे नाही. मी बी.एस्सी.ला आहो."

"असशील. पण तुमच्या मोहल्ल्यातली सारी पोरं हेच नेऊन राहिली. लवकर नोकरी लागते. तुले दुसरं कायले पाह्यजे?"

माणूस वाईट नव्हता. तो मनापासून माझं भलंच करत होता. मी पुस्तक घेऊन निघालो, पण रात्रभर चडफडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातल्या वर्गमित्राला चिठ्ठीवर तोच शब्द लिहायला लावला. त्याला विद्युतशास्त्राचा जाड ग्रंथ मिळाला. मी दोन्ही पुस्तकं खिडकीत शेजारीशेजारी ठेवली.

"शब्द एकच, मग पुस्तकं दोन काहून?"

"त्याच्याकडचे लोक तेच नेतात."

"मग माझा मोहल्ला खोडा आणि पुन्हा शोधा."

मागून कुणीतरी ओरडलं, "देऊन टाक ना गा, रांग पाह्य किती झाली!" कारकुनाने मोहल्ला खोडला नाही, पण आत जाऊन त्या ग्रंथाची दुसरी प्रत आणली.

आता फोनवर काही शोधलं की माझ्यासारख्यांनी आधी काय पाहिलं तेच पुढे येतं. मी अजूनही पुढची पानं उलटत राहतो.

ग्रंथ मिळाला त्या संध्याकाळी मी ताईला पत्र लिहिलं होतं:

'ताई, वरच्या फळीवरचं मिळालं. भांडावं लागलं. वायरमनचं पुस्तकही पुन्हा आणलं आहे, पण या वेळी मी स्वतः मागून. आपल्या घरी वीज आली की तारा मीच जोडीन. पेपरही देईन. तुझा भाऊ.'