भावोजींनी कापलेली टाकी

कुठलीही वस्तू पहिल्या खेपेला पास न करणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझ्या ताईच्या वाट्याला आला. मस्कतला अल् खुवैरमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहायचो. पाणबुडे पाठीवर बांधून समुद्रात उतरतात त्या हवेच्या टाक्या भावोजी एका डायव्हिंग सेंटरमध्ये तपासायचे. "दाबाची चाचणी इंग्लंडात पाच वर्षांनी, ऑस्ट्रेलियात दरवर्षी," असं वरणभात कालवता कालवता सांगायचे आणि स्वतः प्रत्येक देशाचा कडक तेवढाच नियम उचलायचे. त्यामुळे जगभर पास होत आलेली टाकी मस्कतला येऊन नापास व्हायची. आमच्याकडे जेवायला आले तरी आधी टॉर्च काढून कुकरमध्ये डोकं घालायचे. एकदा माझा नवाकोरा थर्मास आत ओरखडा आहे म्हणून बाद केला.

"भावोजी, त्यात चहा भरायचाय. समुद्रात नाही न्यायचा!"

"ओरखड्याला काय माहीत, आत चहा आहे की हवा?"

मी याद्या करून जगणारी बाई. त्या वर्षी माझ्या यादीत सगळ्यात वर एकच काम होतं: भाचीची दहावी होईपर्यंत भावोजींची नोकरी टिकवणे. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि पोरीचं वर्ष पाण्यात. रोज सकाळी जिन्यात गाठून मी बजावायची, "आज कुणाला नापास करू नका हं." "इन्शाल्ला," म्हणत ते निघायचे. आखातात इतकी वर्षं काढून त्या उत्तरावर मी विसंबले, हेच चुकलं.

हिवाळ्यात एक जुनी टाकी तपासणीला आली. ती खुद्द अर्बाबची, म्हणजे मालकाची. त्याला वडिलांनी दिलेली. गळ्याच्या आट्यांत केसाएवढी चीर निघाली. नापास टाकी कुणी चुकून पुन्हा भरू नये म्हणून ती कापायची, हा भावोजींचा धर्म. अर्बाब नमाजाहून परतला तेव्हा टाकीचे दोन तुकडे झाले होते. त्याने ते हातात घेतले आणि म्हणाला, "खलास." टाकीही आणि नोकरीही.

"अहो, निदान विचारायचं तरी!" ताई रडत होती.

"विचारलं असतं तर नको म्हणाला असता. आणि तीच घेऊन उतरला असता."

भाचीचं वर्ष गेलं. बिऱ्हाड मालवणला गेलं. माझ्या यादीतलं ते काम ना पुरं झालं, ना मला खोडवलं.

पुढच्या उन्हाळ्यात अर्बाबचा फोन आला. "सिस्टर, वो तुम्हारा जीजा किधर है? नया आदमी सब टंकी को ओके बोलता है."

"तो अच्छा है ना," मी तुटकपणे म्हणाले.

"मैं अभी पानी में नहीं जाता," तो म्हणाला. "डर लगता है. उसको बोलो, वापस आओ."

मी लगेच मालवणला फोन लावला. भावोजींनीच उचलला. "पोर इथल्या शाळेत आत्ता कुठे रुळतेय," ते म्हणाले. "तिला पुन्हा उपटायची नाही. त्याला सांग, उतरू नकोस म्हणावं." आणि मग, "तुझ्या कुकरचं रबर बदललंस का?"

"बदललं," मी म्हणाले. फोन ठेवला आणि टॉर्च शोधायला उठले.