आतून तीनदा टकटक

मंडळी, आज भिवंडीत आमच्या फ्रीमेसन लॉजची, म्हणजे त्या जुन्या बंधुसंघटनेच्या शाखेची, सभा होती. सगळे एकमेकांना 'ब्रदर' म्हणतो, पण एकेका ब्रदरचा एसएमएस आला, "जमत नाही." उरलो दोघं: मी आणि दारावर पहारा देणारे पाटीलकाका.

"दोघांत कसली सभा, काका? आत येऊन बसा."

"न्हाय सर. एकानं भायेर उभं रावाचंच. नियम हाय." त्यांनी दार ओढून घेतलं.

रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटाच बसलो. रिवाजाप्रमाणे दारावर आतून तीनदा टकटक केली. बाहेरून काकांनीही तीनदा केली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

संध्याकाळी घरी पोचलो आणि त्याच सवयीने स्वतःच्या दारावर तीनदा टकटक केली. उत्तराची वाट बघत चक्क उभा राहिलो.

किल्ली माझ्याच खिशात होती.