शिवणीला लावलेलं तूप

देवाचं करता करता आपल्याच हातून कुणाचा जीव जाईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्या सकाळी मयूर विहारच्या पुश्त्यावर, म्हणजे नदीच्या बांधावर, उभी होते तेव्हा दत्तगुरूंचं नाव घ्यायचीसुद्धा लाज वाटत होती.

झालं असं. यमुनेला पूर आला आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या शांतीचे म्हातारे सासरे नदीकाठच्या शेतात पंपाच्या खोलीवर अडकले. दुसरा दिवस उजाडला, त्यांचा फोन बंद. बचावाच्या नावा लांबच्या वस्त्यांकडे गुंतलेल्या. आमच्या माळ्यावर मुलाची हवा भरायची नाव होती. ती फुगवून साबणाचं पाणी लावलं, तर शिवणीतून बुडबुडे. हे कात्री आणायला आत गेले तेवढ्यात मी निरांजनातल्या तुपात कुंकू कालवून त्या शिवणीला बोट लावलं. म्हटलं, दुबळी जागा देवाच्या हवाली. हे रागावतील म्हणून लगेच पदरानं पुसलंही. त्यावरच ह्यांनी ठिगळ चिकटवलं.

बांधावरून शांतीचा नवरा नाव घेऊन पाण्यात वीस हात गेला नसेल, ठिगळ सुटलं. दोरीनं ओढून घेतला त्याला. शांती रडली नाही, नुसती पाण्याकडे बघत राहिली.

पुरात घर गेलेली माणसं तिथंच तंबूत होती. त्यातला एक जण जवळ आला. जत्रेत मुलांना उड्या मारायचा हवेचा मिकी माउस झूला लावायचा, म्हणाला. शिवणीवर बोट फिरवून नाकाशी नेलं. "माताजी, इसमें तो घी है."

"तूप कुठून आलं?" हे म्हणाले.

"मी लावलं. देवाचं."

"अगं, देवाला निरांजन कमी पडलं होतं का?"

तो माणूस हळूच म्हणाला, "भगवान का घी भी घी ही है, बाबूजी. गोंद नहीं पकड़ेगा."

सुनेचं नेलपॉलिश पुसायचं औषध मागवून त्यानं शिवण स्वच्छ केली, घासली, गोंदाचे दोन पातळ हात दिले, ठिगळ बसवून माझ्या लाटण्यानं दाबलं. "अब शाम तक कोई हाथ नहीं लगाएगा. हवा भी कम भरना."

ती दुपार मला फार जड गेली. जन्मभर मी देवावर सोपवलं म्हणायची आणि दर घटकेला उचलून बघायची. मुलाची नोकरी, ह्यांचं ऑपरेशन, सगळंच. शांती शेजारी बसलेली. "आंटी, चिपक गया होगा?" "पता नहीं, बेटा," म्हटलं. हात सारखा ठिगळाकडे जाई, म्हणून तो मांडीखाली दाबून बसले. नवस बोलले नाही. नुसतं म्हटलं, महाराज, माझं लुडबुडणं संपलं, आता तुम्ही बघा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर शांतीचा नवरा पुन्हा नाव घेऊन गेला, आणि म्हाताऱ्याला घेऊन परत आला. शांतीनं सासऱ्यांचे पाय धरले. तो झूलेवाला मात्र आधी शिवण चाचपायला वाकला, मग मान डोलावून पाण्याच्या टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. स्वतःचं सगळं वाहून गेलेला माणूस. मी लांबूनच त्याला हात जोडले. त्याला देव म्हणायचं की माणूस, हे ठरवायचं कामही माझं नाही, एवढं त्या दिवशी कळलं.