धान्याच्या बोटीवरचा भाऊ

मंगळवारी दुपारी शाळेत तार आली. भाऊ बोटीवर वारला होता. मी पाचवीचा तास पुरा केला आणि घरी आले.

भाऊला धान्याची रास बघवत नसे. कुठे टोक दिसलं की त्याचा हात जाई आणि तो ते सपाट करी. चुलत बहिणीच्या लग्नात त्याने कलशाखालचे तांदूळही सारखे करायला घेतले. कलश कलंडला. मोठी चुलती, आमची अक्का, भर मांडवात ओरडली, "अरे भाऊ, हाई लगीन शे, तुनी बोट नही!" सगळे हसले. तोही हसला, पण तांदूळ सारखे करूनच उठला.

धुळ्याचा माणूस बोटीवर कसा, असं लोक विचारत. वडील गेल्यावर आमची अडत बंद पडली. भाऊ मुंबईला बंदरात कामाला लागला आणि तिथून परदेशी गहू आणणाऱ्या बोटीवर चढला. त्याचा सोबती इब्राहीम रत्नागिरीकडचा. तो भाऊला चिडवी, "खानदेशी, तुमच्या नदीत पाणी दिसलं की तुम्ही पेढे वाटत असाल!"

गव्हाने बोट कशी बुडेल, असं मी एकदा विचारलं. भाऊने परातीत ज्वारी घेतली आणि परात कलती केली. दाणे एका कडेला गेले. परात सरळ केली, तरी ते तिथेच राहिले. "बोटीचं असंच होतं. मग पुढची लाट येते." म्हणून बोटीच्या पोटात ओतलेला सुटा गहू फावड्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात सारायचा, मध्ये फळ्यांच्या भिंती घालायच्या, वर भरलेली पोती रचायची. "मोकळी जागा राहिली की धान्य पाण्यासारखं वागतं, ताई."

गहू भरण्याइतकंच तो उतरवायलाही जपे. आमच्याकडे जमिनीतलं पेव उघडलं की वडील आधी आत दिवा सोडत. दिवा विझला, तर कुणी उतरायचं नाही. कोंडलेलं धान्य आतली हवा खाऊन टाकतं. बोटीवर दिवा सोडता येत नाही, धान्याची धूळ पेट घेते. म्हणून भाऊ झाकणं उघडून सगळ्यांना नुसतं थांबवी. लोक कुरकुरत, मुकादम शिव्या देई. भाऊ तोंडाशी बसून राही. "पेव घाई करणाऱ्याला ठेवून घेतं," एवढंच म्हणे.

आई गेल्यावर घरात मी एकटी उरले. त्यानंतर रजेवर आला तेव्हा भाऊ म्हणाला, "ही एक खेप. मग इथेच राहतो. बाजारात गाळा बघून ठेव." मी गाळा बघितला. गाळ्याच्या मालकाला चार महिने थांबायला सांगितलं.

पुढचं इब्राहीमने सांगितलं. तार आल्यानंतर काही दिवसांनी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. चहा निवला तरी त्याने कप उचलला नाही. बोट बंदराला लागली होती. मुकादम घाई करत होता. भाऊ पलीकडच्या टोकाला असताना इब्राहीम शिडीने खाली उतरला आणि शुद्ध हरपून गव्हावर पडला. भाऊ धावत आला. दोर घेऊन उतरला, तो इब्राहीमच्या काखेतून बांधला आणि वरच्यांना हाक दिली. इब्राहीम वर आला. दोर पुन्हा खाली सोडला, तेव्हा तो धरायला कुणी नव्हतं.

"त्याला ठाऊक नव्हतं का?" मी विचारलं.

"त्यालाच ठाऊक होतं, ताई. मला म्हणायचा, कुणी पडला तरी मागे उतरायचं नाही. आधी हवा जाऊ द्यायची."

"मग?"

इब्राहीमने मान खाली घातली. "माझ्यासाठी थांबला नाही."

आता त्या गाळ्यात सायकलचं दुकान आहे. इब्राहीमने समुद्र सोडला. वर्षातून एकदा तो धुळ्याला येतो, जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. बाकीचे दिवस घरात मी असते.